भिंतीकडे वळवलेली खुर्ची

३ फेब्रुवारी, सोमवार

दार अखेर बाहेर उघडायला लागलं!

तीन आठवडे ते आत उघडत होतं आणि दर वेळी मुलांच्या खुर्चीवर आपटत होतं. समुपदेशनाची ही खोली मुळात दोन मीटर दहा बाय अडीच. त्यात टेबल, दोन खुर्च्या, कपाट आणि मी. आज सुताराने बिजागऱ्या दुसऱ्या बाजूने बसवल्या, दार आपोआप मिटावं म्हणून स्प्रिंग लावली आणि आतून फेल्टचा जाड थर ठोकला. मोबाइलवर आवाज मोजला. मधल्या सुट्टीत बाहेर चौऱ्याहत्तर डेसिबल, दार लावून आत एकेचाळीस. मुलं आत जे सांगतील ते आतच राहील.

सुतार म्हणाला, "मॅडम, मधे काच बसवू का? बाकी सगळ्या दारांना आहे." नको म्हटलं. खोली जिन्याच्या मधल्या टप्प्यावर आहे. आत कोण बसलंय हे येणाऱ्या-जाणाऱ्याने कशाला बघायचं?

"मग तुम्हालाही बाहेरचं दिसायचं नाही," म्हणाला.

चालेल.

शिपाईमामांना विचारलं, माझ्याआधी इथे काय होतं? "फादर बसायचे." म्हणजे ऑफिस? "बसायचे," मामा म्हणाले आणि घंटा द्यायला गेले. या शाळेत कोणी पूर्ण वाक्य बोलत नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज सहा मुलं आली. सगळी तिसरी-चौथीतली, सगळी आपणहून. मी चार वर्षं प्रश्नावल्या तयार करायचं काम केलं, म्हणजे माझी ओळख कागदावरच्या मुलांशी. जिवंत मुलं ही पहिलीच. त्यामुळे जे दिसतं ते आधी लिहून ठेवायचं, अर्थ नंतर लावायचा, असं ठरवलंय.

दिसलं ते असं. सहाच्या सहा मुलांनी बसायच्या आधी खुर्ची फिरवली. माझ्यासमोर नाही, भिंतीकडे तोंड करून. मला फक्त कान दिसतो. आवाज हळू. छोटं बोलतात. सरासरी अकरा शब्द.

"मी आजीच्या चष्म्यावर थुंकलो."

"मी सतरा वेळा खोटं बोलले." (सतराच का? विचारलं. "वीस जास्त होतात.")

बोलून झालं की उठत नाहीत. वाट बघतात. कशाची? शेवटी मी म्हणते, "बरं, जा आता." चष्मेवाल्याने दाराशी थांबून विचारलं, "किती?"

"किती काय?"

माझ्याकडे असं बघितलं की जणू मलाच काही येत नाही. गेला.

५ फेब्रुवारी, बुधवार

पाच मुलं. पाचही वेळा खुर्ची भिंतीकडे. टेबलाची जागा बदलून पाहिली. तरी भिंतच! चौथीतला एक म्हणाला, वर्गातल्या काचपेटीतला मासा त्याने मारला. रडला नाही. अभ्यासाची ओळ म्हणावी तसं म्हणाला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी.

सकाळी सगळे सोळा वर्ग फिरून आले. एकाही वर्गात मासा नाही. काचपेटीही नाही. सफाईच्या मावशी म्हणाल्या, "अहो, इथे झाडाची कुंडी टिकत नाही, मासा कुठला?" मग मेलं कोण? मजेशीर आहे हे. वहीत "तपासणे" असं लिहिलंय.

सुताराला निरोप द्यायचा. दार अडतं. हातात कागदांचा गठ्ठा होता म्हणून खांदा लावला, तर हातभर उघडलं आणि स्प्रिंगने परत मिटलं. कंटाळून आतच बसले, चाचण्यांचे कागद लावले.

तीच तारीख, संध्याकाळी.

वाईट झालं. मधल्या सुट्टीत पहिलीतली एक मुलगी जिन्यावरून पडली. पुढचे दोन दात पडलेत म्हणून तिला सगळे खिडकी म्हणतात. खालच्या सातही पायऱ्या गडगडत गेली. गळ्याजवळचं हाड मोडलं. मामांनी माझं दार वाजवलं, "मॅडम, पट्टी आहे का पट्टी?" तेव्हा मला कळलं. आत काहीही ऐकू आलं नव्हतं. फेल्ट चांगलं काम करतंय, असं क्षणभर मनात आलं आणि स्वतःची लाज वाटली.

कोणी बघितलं नाही. दीडशे पोरं अंगणात आणि एकानेही बघितलं नाही!

७ फेब्रुवारी, शुक्रवार

खिडकीचे वडील आले होते. मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या सिस्टर, त्यांच्यासमोर हात जोडून उभ्या. वडील ओरडत नव्हते, त्याचंच जास्त वाटलं. "आमची पोर घरी रोज दोन जिने उतरते. आपोआप पडली नाही ती. कोणीतरी ढकललंय. मला नाव हवंय."

मुलगी काही सांगत नाही. विचारलं की रडते.

शाळेत दुसरा विषय नाही. पोरं जिन्याशी उभी राहून मोजतात, कितव्या पायरीवर काय झालं असेल.

१० फेब्रुवारी, सोमवार

नाव मिळालं.

तिसरीतली एक मुलगी आहे, वर्गात सगळ्यांत उंच आणि काडीसारखी बारीक. मनात मी तिला पेन्सिल म्हणते. आज साडेदहाला आली. खुर्ची भिंतीकडे. "मी एका लहान मुलीला जिन्यावरून ढकललं."

"कधी?"

"गुरुवारी."

"का?"

बराच विचार केला. "राग आला म्हणून."

"कशाचा?"

आणखी विचार. "खूप."

मग नेहमीसारखी वाट बघत बसली. कान लाल. मी शब्द न् शब्द लिहून घेतला. कोणाला इजा झाली असेल तर ते मी माझ्यापाशी ठेवणार नाही, हे मी पहिल्याच दिवशी प्रत्येक वर्गात सांगितलंय. नियम स्पष्ट आहे. अकरा वाजता मोठ्या सिस्टरांना कागद दिला.

त्यांनी तो दोनदा वाचला. "ही?" म्हणाल्या. "नक्की?"

"तिचेच शब्द आहेत."

११ फेब्रुवारी, मंगळवार

पेन्सिलीच्या आईला बोलावलं. ती शिवणकाम करते, बोटातलं अंगुस्तान काढायचं विसरून तशीच आली होती. मोठ्या सिस्टरांनी विचारलं, "हे तू मॅडमना सांगितलंस?"

"हो, सिस्टर."

"आठवतंय ना नीट? कोणी सांगायला लावलं नाही?"

"नाही, सिस्टर. मीच सांगितलं."

आई म्हणाली, "ही? ही दारातली उलटी चप्पलसुद्धा सरळ करून ठेवते हो!" मग लेकीकडे वळून, "बोल की गं! अशी खांबासारखी काय उभी राहतेस?" लेक खांबासारखीच उभी.

शुक्रवारी २१ला बैठक. खिडकीचे वडील येणार. बहुतेक दाखला हातात देतील. तोवर पेन्सिलीने वर्गात बसायचं नाही, वाचनालयात एकटीने बसायचं.

बाहेर पडताना आई माझ्यापाशी थांबली. "तुमच्यावर विश्वास ठेवून बोलली ना ती?"

मी म्हटलं, नियम आहे. तिने मान हलवली. अंगुस्तान गोल गोल फिरवत राहिली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

चष्मेवाला आला. खुर्ची भिंतीकडे. "मी एका लहान मुलीला जिन्यावरून ढकललं."

!!

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आणखी दोघी. तेच वाक्य. एकीने "जोरात" जोडलं.

म्हणजे आता ढकलणारे चार. रात्रंदिवस आकड्यांत घालवणारी मी, मला हे आधी का सुचलं नाही? गेल्या दहा दिवसांच्या सगळ्या नोंदी काढून तक्ता केला. एकूण एकेचाळीस. त्यातला मासा सोळा वर्गांत नव्हता. एकाने जो शेजाऱ्यांचा कुत्रा सोडून दिला, त्या शेजाऱ्यांकडे कुत्रा नाही. (मामा त्याच गल्लीत राहतात, विचारलं.) आजीच्या चष्म्यावर थुंकणाऱ्याला आजी नाही!

मुलं खोटं बोलतात, इतकंच असेल तर त्यात नवल नाही. पण मुलं खोटं बोलतात ती सुटण्यासाठी. ही सगळी अडकण्यासाठी बोलतायत. रांगेत उभी राहून, आपणहून, मधली सुट्टी सोडून. का?

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

कळलं. दिवसभर हसू आणि धडधड एकदमच.

धर्मशिक्षण शिकवणाऱ्या एक तरुण सिस्टर आहेत, चालता चालता गुणगुणतात. त्यांना गाठलं आणि तक्ता दाखवला. पहिल्या पाच ओळी वाचल्या आणि त्या मटकन पायरीवर बसल्या. "अगंबाई! ही तर पापं आहेत!"

तिसरी-चौथीतली मुलं या महिन्यात पहिल्या पापकबुलीची तयारी करतायत. शनिवारी २२ला फादरांसमोर एकेकाने जायचं, केलेलं पाप सांगायचं, मग फादर प्रार्थना म्हणायला सांगतात. अमुक इतक्या वेळा. "किती?" ते हे! आणि फादर दर वर्षी बसायचे कुठे? माझ्या खोलीत. माझ्याच खुर्चीत. बाजूला वळून, मुलांचे चेहरे दिसू नयेत म्हणून.

मी त्यांच्या धर्मातली नाही, मला कोण सांगणार? बाकी सगळ्यांना वाटलं, हे मला ठाऊक असणारच.

"मी त्यांना म्हटलं होतं, घरी सराव करा," गुणगुणणाऱ्या सिस्टर म्हणाल्या. "यांनी तुमच्याकडे केला!"

"पण मग ही पापं खोटी कशी?"



१५ फेब्रुवारी, शनिवार

ताईचा फोन. थोडं सांगितलं, नावं-गावं नाही. हसून हसून तिला ठसका लागला. "पोरांनी एकेचाळीस वेळा तुला मामा बनवलं आणि तू तक्ता केलास!"

मग म्हणाली, "तुला कागद लगेच कळतो गं. माणूस कळायला तुला त्याचा कागद करावा लागतो."

"असू दे."

"असू दे कसलं! त्या पोरीला नीट विचारलंस का?"

विचारलं, म्हटलं. ताई म्हणाली, "काय विचारलंस?"

फोन ठेवल्यावर १० आणि ११ तारखेच्या नोंदी परत वाचल्या. कधी? का? कशाचा? सांगितलंस का? आठवतंय का? कोणी सांगायला लावलं का?

तू हे केलंस का — हा प्रश्न कुठेच नाही. मी प्रश्नावल्या तयार करायचे!

१७ फेब्रुवारी, सोमवार

वाचनालय. पेन्सिल एकटी, पुढ्यात प्राण्यांचं पुस्तक, पान तेच. मी तिच्याशेजारी बसले, दोघींचं तोंड भिंतीकडे.

"तू त्या मुलीला ढकललंस का?"

"नाही."

इतकं सोपं. सरळ! तीन सेकंदही लागले नाहीत.

"मग सांगितलंस का तसं?"

"सराव होता ना."

"पण सरावाला खरं पाप का नाही सांगितलंस?"

यावर तिने माझ्याकडे पूर्ण वळून पाहिलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "खरं पाप सरावाला कसं सांगणार? ते फादरांना सांगायचं. तुम्हाला सांगून संपलं तर तिकडे काय सांगू?"

एकेचाळीसच्या एकेचाळीस वेळा मुलांनी मला वेचून खोटं सांगितलं, खरं जपून ठेवायचं म्हणून. माझी अख्खी वही म्हणजे कल्पित कथा. आणि मी ती कुलपात ठेवते!

"आणि जिनाच का?"

"ते सगळ्यांत मोठं होतं. मी आधी घेतलं. मग बाकीच्यांनीही घेतलं." जरा नाराजीने.

"मोठ्या सिस्टरांनी विचारलं तेव्हा 'नाही' असं का म्हणाली नाहीस?"

"त्यांनी विचारलं, तू मॅडमना सांगितलंस का. मी सांगितलं होतं. नाही म्हटलं असतं तर ते खोटं झालं असतं. आणि पापकबुली आठवड्यावर आलीय."

"आईला तरी सांगायचंस."

"आई रडत होती. तिने काही विचारलंच नाही." पुस्तकाचं पान उलटलं, पहिल्यांदाच. "मॅडम, दाखला दिला तर शनिवारी मला येता येईल का?"

तिचं खरं पाप काय, ते मी विचारलं नाही. विचारावंसं फार वाटलं. नाही विचारलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मोठ्या सिस्टरांकडे गेले. माझा कागद चुकीचा आहे, असं लिहून नेलं होतं. आयुष्यात असं वाक्य पहिल्यांदा लिहिलं. खाली सही केली.

त्यांनी ऐकलं सगळं. हसल्या नाहीत. "चौघांनी सांगितलं, म्हणून चौघांचंही खोटं, असं होत नाही. एकाचं खरं असू शकतं."

बरोबर आहे त्यांचं. अगदी बरोबर.

"त्या बापाला मी काय सांगू? कोणी ढकललं नाही, मग ती पडली कशी? तुमच्याकडे उत्तर असेल तर शुक्रवारच्या आत आणा. नसेल तर माझ्याकडे एक मुलगी आहे, जी हो म्हणालीय. आणि तो कागद तुम्हीच दिलाय." मग थोड्या मऊ आवाजात, "मलाही ते पोर आवडतं हो. चहा घ्या."

घेतला. कडक होता.

१९ फेब्रुवारी, बुधवार

शाळा सुटल्यावर टेप घेऊन जिना मोजला. एखादी पायरी जरी दोन सेंटीमीटरने कमीजास्त असली तरी पाय चुकतो, हे वाचलेलं होतं. सातही पायऱ्या साडेसोळा. कठडा घट्ट. फरशी गुळगुळीत नाही, पाणी टाकूनही पाहिलं. मामा वरून बघत होते. "मॅडम, जिना विकत घेताय का?"

जिन्यात दोष नाही. मग?

धावत उतरत असती तर टप्प्यावरून वळताना भिंतीला आपटली असती. वरच्या मजल्यावर पहिलीचं काही कामच नाही. मुळात ती टप्प्यावर आली कशाला?

२० फेब्रुवारी, गुरुवार

मावशींनी केसांचा एक चाप आणून दिला. पिवळा, त्यावर बदक. "तुमच्या दाराच्या चौकटीत, खालच्या फटीत अडकला होता. म्हणून अडत असेल दार. त्या दात पडलेल्या पोरीचा आहे, रोज लावायची."

जिन्यावर नाही. चौकटीत.

गुणगुणणाऱ्या सिस्टर तिला बघायला जाणारच आहेत. मी पण येते म्हटलं. उद्या सकाळी, बैठकीच्या आधी. एकच प्रश्न नेणार आहे. नीट शब्दांत.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

हात गळ्यात बांधलेला, पलंगावर पाय हलवत बसली होती. चाप दिला. खूश झाली. मी विचारलं, "पडायच्या आधी तू काय करत होतीस?"

"ऐकत होते. मोठी मुलं आत काय सांगतात ते. दाराला कान लावून." दातांच्या फटीतून हवा जात होती. "मग दार आलं."

माझ्याकडे बघून लगेच म्हणाली, "परत नाही ऐकणार, मॅडम! बाबांना सांगू नका."

शाळेत येऊन ६ तारखेची नोंद काढली. खांदा लावला, हातभर उघडलं. वेळ लिहिलेली नाही. मी सगळ्याची वेळ लिहिते.

बैठकीत कोणी बोलायच्या आत मी बोलले. खिडकीचे वडील, मोठ्या सिस्टर, पेन्सिल, तिची आई. सात शब्द. "मी त्या लहान मुलीला दाराने जिन्यावरून ढकललं." सांगून झाल्यावर लक्षात आलं, मी खुर्ची भिंतीकडे वळवून बसले होते.

पेन्सिलीला वर्गात पाठवलं. उठता येत असूनही मी उठले नाही. वाट बघत राहिले.

दाराशी पावलं थांबली. पेन्सिल. "किती ते सांगतील, मॅडम," ती हळूच म्हणाली. "थोडं थांबायचं असतं."